घ्यायची शपथ

प्रश्न नेमका कोणत्या शब्दांत विचारला, याची खात्री निळकंठराव आगाशे यांना आता देता येत नाही. त्या दिवसांत गोळीनं डोकं जड असायचं. चाळीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलेला माणूस, पण वाक्याच्या मध्यावर पोचेपर्यंत सुरुवात हातातून निसटलेली असायची. तेव्हा प्रश्न बहुधा असा असावा...

"ज्याच्यावाचून माणसाचं चालत नाही, त्याचा तो गुलाम. मग मी कोणाचा, अप्पा?"

अप्पांनी डोळेही न उघडता उलट काय विचारलं, ते मात्र पक्कं आठवतं.

"मास्तर, परसाकडला होतंय का?"

निळकंठरावांचा चेहरा पडला. एक तर 'मास्तर'. तीन विद्यापीठांत व्याख्यानं दिलेल्या माणसाला मास्तर! त्यात हा प्रश्न.

जत भागातल्या एका माळावर बिरोबाचं देऊळ आहे. त्याच्या मागच्या मठीत अप्पा राहत. वय ऐंशीच्या घरात, त्यातली पन्नास वर्षं मेंढरांमागे गेलेली. अक्षरओळख सहीपुरती. पण दारू सोडायची असली की आसपासची माणसं त्यांच्यापुढे येऊन बसत, तळहातावर बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा घेत आणि शपथ वाहत. बेलभंडारा उचलून दिलेला शब्द त्या मुलखात सहसा कोणी मोडत नाही, असं निळकंठरावांनी ऐकलं होतं.

"चार दिवस झाले," ते खाली बघत म्हणाले.

"मग आदी त्येचं बगा. गुलामगिरीचं मागनं बगू. गौरा, मास्तरास्नी गरम पाणी दे."

गौराक्का मठीचा स्वयंपाक करायची. साठीची बाई, अंगानं काटक, जिभेला धार. तांब्या पुढे ठेवत ती म्हणाली,

"मोठ्या मान्सांचं समदं तितंच अडतंय बगा."

"पोटाचं औषध दिलंय मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी," निळकंठराव घाईनं म्हणाले. "गोळीबरोबर रोज घ्यायला सांगितलंय. पण आधीच एका औषधाचा अंकित झालोय, त्यात आणखी एक कशाला, म्हणून घेतलं नाही."

"असं व्हय..." अप्पा म्हणाले.

दीड वर्षापूर्वी निळकंठरावांच्या बरगडीवर नागीण उठली होती. फोड गेले, आग राहिली. सदऱ्याचं कापड लागलं तरी अंगावर निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. म्हणून ते दोन बोटांनी सदरा अंगापासून दूर धरून बसत. तिथेही तसेच बसले होते. इतर औषधं थकल्यावर मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी अफूच्या जातीची गोळी दिली. दिवसाला तीन. सवय कशी लागते, काय जपायचं, आपल्या मनानं वाढवायची नाही आणि एकदम थांबवायचीही नाही, सगळं बाईंनी नीट बसवून सांगितलं होतं. निळकंठरावांनी ते वहीत उतरवूनही घेतलं होतं.

आता ते पाचवर आले होते. घरी वसुधाताईंना तीनच ठाऊक होत्या.

"मला शपथ घ्यायची आहे," ते म्हणाले. "आजपासून बंद. एकदम."

ताट समोरच होतं. पितळी, त्यात बेलाची पानं, मधे भंडाऱ्याचा पिवळा ढीग. त्यांच्या आधी एक ट्रक ड्रायव्हर शपथ घेऊन गेला होता.

"त्यो तिसऱ्यांदा उचलून गेला," गौराक्का म्हणाली. "देवालाबी आता त्येचा आवाज वळखू येतुया."

"बंद केली हुती कदी?" अप्पांनी विचारलं.

"दोनदा."

"मग?"

"जांभयांवर जांभया. नाकातून पाणी. अंगावर काटा, पोटात कळा, पाय म्हणजे एका जागी ठरत नव्हते. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतली." निळकंठरावांनी घसा साफ केला. "त्यावरून सिद्ध झालं की मला व्यसन लागलंय."

"कुणी शिद्ध केलं?"

"मीच."

अप्पांनी आता डोळे उघडले.

"मेंढरू वरीसभर बाभळीच्या शेंगांवर असलं, आन एक दिस शेंगा बंद केल्या, तर पोट फुगतंय त्येचं. जुलाब हुत्यात. चारा बदलायचा तर मूठमूठ बदलाय लागतो. म्हणून काय मेंढराला व्यसन लागलं म्हणायचं?"

निळकंठराव विचारात पडले. दृष्टांतात खोट सापडेना. हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. मग त्यांनीच विचारलं,

"आणि जे मेंढरू... राखणदाराची नजर चुकवून दुसऱ्याच्या रानात शिरतं, ते?"

अप्पा त्यांच्याकडे बघत राहिले.

"ते येगळं," ते म्हणाले.

बाहेर कोणीतरी देवळाची घंटा वाजवली आणि निघून गेलं. गौराक्कानं मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेऊन बघितलं, पदराची गाठ सोडली, आतून पत्र्याची छोटी डबी काढली आणि तिच्यातली एक गोळी अप्पांच्या हातावर ठेवली. अप्पांनी ती तोंडात टाकली, घोटभर पाणी प्यायले. डबी पुन्हा पदरात गेली.

"ही... कसली?" निळकंठरावांनी विचारलं.

"तुमच्या गोळीची थोरली भन. माज्या खुब्यात गाठ हाय. मिरजंच्या त्याच बाईंनी दिलीया."

ज्याच्या पायाशी नशा सोडायला आलो, त्याच्याच तोंडात अफू!

"आत्ता फार दुखत होतं का?"

"न्हाई. आत्ता बरं हुतं."

"मग घेतली का?"

"धा वाजलं."

"आणि नऊला दुखलं असतं तर?"

"दुखलं की."

"मग?"

"मग धाची वाट बगितली. तुमी आलासा, बोलण्यात येळ गेला. लईच झालं तर गौरा बाईंना फोन लावती. बाई म्हणतील तसं."

निळकंठरावांच्या आतला प्राध्यापक जागा झाला.

"म्हणजे अप्पा, माझ्या व्याख्येनं तुम्हीही गुलामच ठरता."

बोलून गेल्यावर त्यांना आपल्याच जिभेची लाज वाटली. अप्पा मात्र दात नसलेल्या हिरड्या दाखवत हसले.

"व्हय की. गुलामच. पर कुणाचा, किती, त्ये गौराला ठावं हाय. तुमचं कुणाला ठावं हाय?"

...

मठीच्या दारात एक कोंबडी आली, आत बघून परत फिरली.

"कोणालाच नाही," निळकंठराव म्हणाले.

"आन मगाधरनं खिशावर हात कशापायी दाबताय?" गौराक्कानं विचारलं. "काळीज हिकडं नसतंय मास्तर, त्या अंगाला असतंय."

त्यांचा हात जाकिटाच्या आतल्या उजव्या खिशावर होता. तो तिथे कधी गेला, हे त्यांना कळलंही नव्हतं. बोटं आत घातली आणि गोळ्यांची पट्टी बाहेर काढली. दोन घरं रिकामी होती.

"शपथ घेतल्यावर... वाटेत अगदीच सोसवेना झालं तर, म्हणून..."

गौराक्कानं हसू दाबायला पदर तोंडाला लावला. मग त्यांच्याकडे नीट बघितलं आणि पदर खाली घेतला.

अप्पांनी ताट पुढे सरकवलं. निळकंठरावांचा उजवा हात ओढून घेऊन त्यावर बेलाचं पान ठेवलं, पानावर चिमूटभर भंडारा.

"म्हणा."

"आजपासून सोडीन..."

"न्हाई. घेईन म्हणा."

"घेईन?"

"घेईन. बाईंनी सांगितली तेवडी, सांगितल्या येळंला. पोटाच्या औषदासकट. घरधनिणीच्या हातनं. मागून."

"मागून?"

"तिच्याम्होरं हात करून. आन जास्तीची पाहिजे वाटंल, त्येबी तिलाच सांगायचं. पाहिजे म्हणून."

निळकंठरावांचा हात कलला. भंडारा पानावरून ओघळून त्यांच्या पांढऱ्या विजारीवर सांडला.

"अप्पा, सोडीन म्हणणं यापेक्षा सोपं आहे."

"म्हणून तर ड्रायव्हर तिसऱ्यांदा आलता."

"चार महिने खोटं बोलतोय तिच्याशी. शब्दकोशाच्या खोक्यात गोळ्या लपवतो. आजही मिरजेला जातो म्हणून सांगून इथे आलो."

"मग काय म्हणंल ती?"

"काहीच म्हणणार नाही." ते थांबले. "तेच भय आहे."

पान तळहातावर होतं, त्यामुळे हात मागे घेता येईना. जन्मभर दुसऱ्यांची विधानं तपासलेल्या त्या माणसानं मग एकेक शब्द उचलून ठेवावा तशी शपथ घेतली. 'मागून' या शब्दापाशी दोनदा अडखळला. अप्पांनी दोन्ही वेळा थांबून घेतलं, शब्द पुरवला मात्र नाही.

दुपारच्या एसटीनं ते सांगलीला परतले. वसुधाताई सोप्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. निळकंठरावांनी जाकीटही न काढता कोशाचं खोकं आणलं आणि आतल्या सगळ्या पट्ट्या त्यांच्यासमोर ठेवल्या. खिशातलीही ठेवली. मग सांगितलं. तर्कशुद्ध मांडणी काही जमली नाही. शेवट आधी आला, सुरुवात मागून.

वसुधाताई काही वेळ मेथीच निवडत राहिल्या. एक काडी, दुसरी काडी...

मग त्यांनी पदराला हात पुसले, पट्ट्या गोळा केल्या आणि विचारलं,

"पुढची किती वाजता असते?"

"आठ."

"बरं."

आठला पाच मिनिटं असताना निळकंठराव त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि हात पुढे केला. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेलाही इतकं अवघड गेलं नव्हतं. वसुधाताईंनी घड्याळाकडे बघितलं, म्हणाल्या, "पाच मिनिटं आहेत. बसा," आणि शेजारची खुर्ची ओढली.

दोन दिवसांनी दोघं मिळून मिरजेला गेले. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. पाचचं सगळं ऐकून घेतलं, लिहून घेतलं आणि गोळी मूठमूठ उतरवायला घेतली. सात महिने लागले. शेवटी दिवसाला एकीवर येऊन ती टिकली. आग गेली नाही, ओसरली. सदरा मात्र सोडून बसता यायला लागलं. मधे किती वेळा जास्तीची मागितली आणि किती वेळा "नाही" ऐकलं, ते वसुधाताईच जाणोत. एकदा मागताना ते लहान मुलासारखे रडले होते. तेही त्यांनीच बघितलं.

अप्पा पुढच्या चैत्रात गेले.

एक गोष्ट मात्र निळकंठरावांना वर्षानुवर्षं सलत राहिली. नऊला दुखत असताना दहाची वाट बघणं अप्पांना किती सहज जमत होतं! आपल्याला का जमत नाही? विद्या कुठे कमी पडली? सहा वर्षांनी जतला एका लग्नाला गेले तेव्हा वाट वाकडी करून ते मठीवर गेले आणि हाच प्रश्न गौराक्काला विचारला. ती आता काठी टेकत चालायची.

"सहज?" ती म्हणाली. "कुणी सांगितलं तुमास्नी? पयल्यांदा डबी त्येंच्याच उशाखाली हुती. आठवड्याच्या गोळ्या चार दिसांत संपल्या. मग त्येंनीच बेलभंडारा उचलला आन डबी माज्या पदरात बांदली."

"आणि मग?"

"मग रोज मागायचं. आट वाजलं की मागायचं, नवाला मागायचं, साडेनवाला मागायचं. तुमी आलता त्या दिशीबी मागितली हुती. तुमी खाली चपला काडत हुतासा तवा."

निळकंठराव पायरीवर बसले.

"तुम्ही दिली नाही?"

"न्हाई दिली. पर मला लई जड जायचं ओ. एकदा पाय धरलं त्येंचं. म्हनलं, अप्पा, मागू नगासा, माज्यानं सारकं न्हाई म्हनवत न्हाई. तर माज्या डोस्क्यावर हात ठेवला आन म्हनलं..."

गौराक्काचा हात पदराच्या टोकाशी गेला.

"'गौरा, देऊ नगंस. पर मागू दे.'"