झाकणावरची काजळी

एकदा एक उदबत्त्या करणारा तरुण आपल्या गुरूंनाच चोर समजून बसला. गोष्ट त्या गैरसमजाची आहे, पण त्याहून अधिक त्याच्या आईची आहे.

नदीकाठच्या एका नगरात एक वृद्ध गंधी राहत. चंदन, ऊद, वाळा, राळ यांचे मेळ जमवण्यात त्यांची हयात गेली होती. बारा वर्षे त्यांच्यापाशी शिकून या शिष्याचे नाक असे तयार झाले होते की, जळत्या उदबत्तीचा एक श्वास घेऊन तो तिच्यातले जिन्नस ओळीने सांगे, वर वाळा कोणत्या गावचा हेही सांगे. साहजिकच त्या नाकावर तो माशी बसू देत नसे.

या व्यवसायाची एक जुनी रीत होती. नवा मेळ पारखायचा तर आधी खोलीची दारे-खिडक्या लावून घ्यायच्या, कारण हलके गंध वाऱ्याबरोबर निघून जातात आणि पारख चुकते. गुरूंची मात्र आणखी एक परीक्षा असे. जळत्या काडीवर ते काशाचे झाकण धरत, काडी संपली की ते ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसत आणि फडक्यावर काय उतरले ते बराच वेळ पाहत बसत. शिष्याला हे म्हातारपणाचे चाळे वाटत. नाकाला सगळे कळत असताना फडक्याला काय विचारायचे?

शिष्याची आई दम्याने अंथरुणाला खिळली होती. देवळापुढे बसून हार गुंफत तिने त्याला एकटीने वाढवले होते, आणि त्याचाही तिच्यावर फार जीव. तिच्यासाठी त्याने एक नवा मेळ सिद्ध केला. गुग्गुळ औषधी म्हणून तो सढळ हाताने घातला, जोडीला ऊद आणि वाळा, वर थोडा मध. सकाळी कामावर निघताना तो तिच्या उशाशी पाच जाड काड्या लावी आणि रीतीप्रमाणे खिडकी घट्ट बंद करी, म्हणजे गंध वाया जायला नको. संध्याकाळी परतला की आधी विचारी, वास कसा आहे? छान आहे, असे ती म्हणे. चार महिने हा क्रम चालला.

देवळांना धूप पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याने तो मेळ हुंगला आणि होईल तेवढा माल मागितला. पण गुरू संमती देईनात. परीक्षा अजून पुरी झालेली नाही, एवढेच ते म्हणत. शिष्याच्या मनात पाल चुकचुकली. त्यातच एका संध्याकाळी घरी येऊन पाहतो, तर आईच्या उशाच्या काड्या अर्ध्याच जळलेल्या आणि टोके ओली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तो दुपारीच परतला. खिडकी सताड उघडी होती, आई डोळे मिटून पडली होती आणि गुरू एकेक काडी पाण्याच्या तांब्यात बुडवत होते.

त्यांना अंगणात नेऊन तो नको नको ते बोलला. माझा मेळ सरस निघाला म्हणून तुमच्या पोटात दुखते, तो चोरायलाच तुम्ही लपूनछपून येता, आजारी बाईच्या उशाचा धूप विझवताना लाज कशी वाटली नाही, सगळे बोलला. म्हाताऱ्याने त्याच्याच मेळाची एक बारीक काडी मागून घेतली, पेटवली, आणि ती संपेपर्यंत पिशवीतले झाकण तिच्यावर धरून ठेवले. शेवटी गुरूंनी उपरण्याचे टोक भिजवून झाकण पुसले. पांढऱ्या कापडावर काळा-पिवळा चिकट डाग उतरला.

"हे एका काडीचं," गुरू म्हणाले. "काळं ती काजळी, पिवळा चिकटा तुझ्या गुग्गुळाचा. डोळ्यांना झोंबतंय ते तर कापडावर दिसतही नाही. तुझ्या मेळाला तोड नाही, बाळ. पण सुवास येतो तो धुरातूनच. नाक सुवासात रमतं आणि धूर विसरतं, छातीला ते विसरता येत नाही. माझी बायको वीस वर्षं बंद खोलीत माझ्याशेजारी बसून काड्या पारखायची. तिच्या खोकल्याला मी सवय म्हणत राहिलो. ती गेल्यावर हे झाकण हातात घेतलं."

झाकण पिशवीत ठेवत ते म्हणाले, "मी तुझ्या आईला बघायला आलो, तेव्हा तिनंच विझवायला सांगितलं. तुला कळू देऊ नका म्हणाली. मीही गप्प राहिलो, ते माझं चुकलं."

शिष्य आत गेला आणि आईच्या पायाशी बसला. मला का नाही सांगितलंस, एवढेच त्याला विचारता आले. ती दम गोळा करीत म्हणाली, "तू दमून यायचास आणि वास कसा आहे विचारायचास. वास चांगलाच होता रे. छातीचं विचारलं असतंस, तर सांगितलं असतं."

त्या दिवसापासून त्या घरात काडी पेटली नाही. व्यापाऱ्यालाही त्याने परत पाठवले. पण वैद्यांनी नाडी पाहून मान हलवली. आता शिष्य रोज छातीचे विचारी आणि आई खरे ते सांगे. ते दिवसेंदिवस वाईटच होत गेले. त्याच्या हातात दुसरे काहीच उरले नव्हते, म्हणून तो रात्रंदिवस तिला वारा घालत बसे. संक्रांतीच्या आधी ती गेली.

आळीतली माणसे जमली. उशाशी दिवा लावला गेला. एका शेजारणीने रिवाजाप्रमाणे उदबत्ती शोधली. फळीवर त्याच्याच मेळाची जुडी होती. तिने एक काडी काढून दिव्याजवळ नेली, तेवढ्यात त्याने तिचा हात धरला.

"नको," तो म्हणाला, "तिला त्रास होतो."

शेजारीण त्याच्याकडे पाहत राहिली. मग आपण काय बोललो ते त्याचे त्यालाच कळले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो मोठ्याने रडला. बाईने काडी जुडीत परत ठेवली.