लॉगिननंतरची ओळ

धरणाच्या नियंत्रण कक्षातल्या संगणकावर लॉगिन केलं की एकच ओळ उमटायची: 'दरवाजे उघडण्याआधी नदीपात्रात कोणी आहे का ते पाहा.' पात्रात कपडे धुणाऱ्या दोन बहिणी वाहून गेल्या, त्या वर्षी ती घातली होती.

नवे अधीक्षक अभियंता टिळेकर यांना ती खुपली. संगणकयंत्रणा सांभाळणाऱ्या शबाना मुजावर यांना त्यांनी फर्मावलं, "हे रडगाणं काढा. उद्या मंत्री यायचेत. हार्दिक स्वागत लिहा आणि खाली माझं नाव, पदव्या, पुरस्कार, सगळं."

मुजावरबाईंनी वाद घातला नाही. त्या दोघींची आई अजून दर पावसाळ्यात धरणाच्या फाटकाशी येऊन उभी राहते, हे त्या दरवर्षी बघत होत्या.

संध्याकाळी त्यांनी साहेबांसमोर लॉगिन केलं. स्वागत झळकलं, नाव झळकलं, पदव्यांनी पडदा भरला. साहेब खूश झाले. मग त्यांची नजर तळाशी गेली: 'नदीपात्रात कोणी नाही, याची वरील साहेबांनी स्वतः खात्री केली आहे.'

"हे लिहायला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही, साहेब. पण ऑपरेटरला 'पाहा' म्हणणारी ओळ आता गेली. मग कोणीतरी पाहिलेलं असायला हवं, आणि इथे नाव तुमचंच आहे."

टिळेकर उठून खिडकीशी गेले. खाली पात्रात एक बाई गोधडी धूत होती.

"माझं नाव काढा," ते न वळता म्हणाले. "जुनी ओळ होती तशी घाला."