न दुभंगलेला पूर

माणूस गेला की तुम्ही त्याला घासूनपुसून लख्ख करता. मग त्याच्यासारखं वागू पाहणाऱ्यांचं काय होईल, याचा विचार तुम्ही करत नाही.

फार पूर्वी, नदीकाठच्या एका राज्यात एक चरित्रकार होता. तरुणपणी त्याने एका कुंभाराचं चरित्र लिहिलं, त्याच्या तापटपणासकट. ते कोणी वाचलं नाही. मग त्याने सेनापतीचं लिहिलं, त्यातून तापटपणा गाळला, आणि त्याला शाल मिळाली. पुढे तो गाळत गेला आणि शाली वाढत गेल्या.

राजा वारला, तेव्हा त्याचं चरित्र लिहिण्याचं काम याच्याकडेच आलं. रीतीप्रमाणे तो आधी राणीला भेटला. तिने सांगितलं की मोठ्या पुराच्या वेळी राजा काठावरून मागे फिरला होता. दिवसभर वडाखाली थरथरत बसला आणि पाणी उतरल्यावरच पलीकडे गेला.

“हे लिहाल ना?” तिने विचारलं.

“राणीसाहेब, राजे लहान दिसतील.”

त्याने लिहिलं की राजाने पुरात घोडा घातला आणि पूर दुभंगला. वाचन संपताच दरबार उभा राहिला. त्याला राज्याचं मानाचं सोन्याचं कडं मिळालं.

राजाचा लहानगा नातू, गादीचा वारस, तो ग्रंथ ऐकतच वाढला. एका पावसाळ्यात पलीकडच्या गावात लोक अडकले, तसा युवराज घोड्यावर बसला. सगळ्यांनी त्याला थांबायला सांगितलं. आजोबा थांबले होते का, एवढंच त्याने विचारलं.

कोळ्यांनी त्याला जिवंत बाहेर काढलं. घोडा गेला.

त्यानंतर युवराज गादीवर बसायला तयार होईना. चरित्रकार त्याला भेटायला गेला.

“आजोबांसाठी पूर दुभंगला,” युवराज भिंतीकडे तोंड करून पडल्या पडल्या म्हणाला. “माझ्यासाठी नाही. मी त्यांच्या गादीच्या लायक नाही.”

चरित्रकाराने हातातलं कडं काढून ठेवलं. “युवराज, पूर दुभंगला नव्हता. तुमचे आजोबा घाबरून वडाखाली बसले होते. मी ते गाळलं.”

युवराजाने विचारलं, “मग?”

“पाणी उतरल्यावर गेले.”

युवराज कूस बदलून त्याच्याकडे वळला. पुढे तो गादीवर बसला.

चरित्रकाराने ग्रंथ पुन्हा लिहिला आणि नदीकाठी वाचून दाखवला. दरबारी मंडळी मधूनच उठून गेली. शाल मिळाली नाही.

थोरांची भीती झाकली, की त्यांचं धैर्यही कोणाच्या उपयोगी पडत नाही.

वाचन संपल्यावर एक म्हातारा नावाडी शेजारच्याला म्हणाला, “आधीच्या ग्रंथात नुसता राजा होता. या खेपेला नदीसुद्धा आहे.”