कोणात किती पाणी

हत्यारं बोलायची आणि भिंतीला कान लावला की ऐकू यायची, तेव्हाची गोष्ट. शेजारच्या रंगाच्या शेडमध्ये हवा दाबून पुरवणारा नवा कॉम्प्रेसर निवडायचा होता. निवड त्या हवेनं रंग फवारणाऱ्या स्प्रेगनवर सोपवली होती. कपाटांच्या रंगाला पुन्हा फोड आले, तर ती बिचारी भंगारात जाणार होती.

ढेरपोट्या कॉम्प्रेसर गरजला, "माझ्याएवढी हवा पंचक्रोशीत कुणाची नाही!"

स्प्रेगन म्हणाली, "ते दिसतंच आहे. पण दादा, तुमच्यात पाणी किती?"

"काठोकाठ! आजमावून बघ!"

शेजारचा किडकिडीत कॉम्प्रेसर लाजला. "ताई, माझ्यात थेंबही नाही. साठलं की लगेच खाली सोडतो."

"मग तूच राहा."

ढेरपोट्या फुसफुसला, "असला बिनपाण्याचा निवडलास?"

"हवेतलं पाणी रंगात उतरलं की फोड येतात. मला कपाट रंगवायचंय दादा, पाणीदार जावई नाही शोधायचा!"