धुक्याची स्लाइड

फोटो अजून फिल्मवर निघत होते, तेव्हाची गोष्ट. प्रोजेक्टरच्या ट्रेमध्ये धुक्याची स्लाइड धास्तावून बसली होती, कारण कुमुदताई आज भिंतीवर एकेक स्लाइड बघून नावडत्या केरात टाकणार होत्या.

"तुझ्यात रंग तरी आहे का गं?" शेजारच्या झेंडूच्या स्लाइडने टोमणा मारला.

भिंतीवर झेंडू झळकला. "छान," म्हणत कुमुदताईंनी लगेच पुढच्या स्लाइडचं बटण दाबलं. खट्ट आवाजाने धुक्याची स्लाइड दचकली. आधी नुसता राखाडी उजेड पडला, मग नजर सरावली तशी त्यात हळूहळू जांभळट, पोपटी छटा दिसू लागल्या.

"थांब वहिनी," शेजारी बसलेली त्यांची नणंद उठून भिंतीजवळ गेली. "ते पलीकडे काय आहे, बगळा की माणूस?"

ताईंनी बटणावरचं बोट काढलं.

"काय आहे गं?" झेंडूने कुजबुजत विचारलं.

"मलाही ठाऊक नाही. पण त्या अजून बघतायत."