घाटातली ट्रायल

जनावरांनाही लायसन मिळत असे, तेव्हाची गोष्ट. शेवंता म्हैस घाटावरच्या डेअरीला पायी दूध नेई आणि ते वाटेतच नासे. डेअरीने शेवटची ताकीद दिली, तेव्हा ती इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायला गेली.

“मावशी, ही नाजूक घ्या, मोरानेही हीच नेली. ती दणकट, वेगवान गाडी तरुणांची,” दुकानदार कोल्हा म्हणाला.

“घाटात ट्रायल देतोस?”

“ट्रायल दुकानासमोरच असते, मावशी.”

“मग डेअरीही दुकानासमोर आण.”

तिने दणकट गाडीवर कॅन लादले, कोल्ह्याला मागे बसवलं आणि एका दमात घाट चढून दाखवला. अर्ध्या चढावर मोर आपली गाडी ढकलत होता.

डेअरीतल्या बोक्याने तपासणी म्हणून चारदा दूध चाखलं. “शेवंताबाई,” तो मिशा पुसत म्हणाला, “उद्यापासून दुप्पट आणा.”