घाटउताराचा जोडीदार

फार मागची गोष्ट. तेव्हा बैल बोलायचे आणि गाडीवानांना ऐकायची अक्कल होती. ढवळ्या नावाच्या म्हाताऱ्या बैलाचा जोडीदार मेला, म्हणून सोनबा गाडीवानानं दोन खोंड आणले आणि म्हणाला, "तूच निवड बाबा. जू तुझ्या मानेवर यायचं आहे."

तांबडा खोंड आला तोच फुरफुरत, माती उकरत. "ए थेरड्या, सरक," म्हणाला आणि दिली ढुशी. दुसरा खोंड, कोसा, मात्र गपचूप शेजारी येऊन बसला. "काका, तुमच्यासारखा बैल पंचक्रोशीत नाही. तांबड्याला कुठली कदर?"

खुशामत कुणाला कडू लागते? म्हाताऱ्यानं कोशालाच जुंपून घेतलं.

घाटाच्या उतारावर दोघांनी अंग मागं रेटून गाडी धरायची असते. कोशानं नेमकं तिथंच अंग सैल सोडलं. भरली गाडी एकट्या ढवळ्याच्या मानेवर आली, त्याचे गुडघे फुटले. सोनबानं चाकाखाली दगड सारला म्हणून जीव वाचला.

"मी कुठं काय केलं, काका?" कोसा म्हणाला. "मी तर तुम्हाला शिंगसुद्धा लावलं नाही."

ढवळ्या सोनबाला म्हणाला, "याला सोड. तांबडा आण."

"अरे, तो ढुशी देतो."

"देऊ दे. आधी फुरफुरतो तरी. मला सरकायला वेळ मिळतो."